माफीचा रविवार

“कशाबद्दल?”

एवढंच विचारलं मी. एकच शब्द. पैजसुद्धा एकाच शब्दाची होती.

शनिवारी शाळा सुटल्यावर स्लावका आणि तेमेनुगानं मला फाटकापाशी गाठलं. “उद्या तुमच्याकडे सगळे एकमेकांची माफी मागणार ना?” स्लावका म्हणाली. “कुणी ‘माफ करा’ म्हणालं की तू फक्त विचारायचं, कशाबद्दल? बास. आहे हिंमत?”

“आमच्याकडे असं केलं ना, तर माझा बाप सात आठवड्यांचा अख्खा उपवास संपेपर्यंत मला उंबऱ्याबाहेर ठेवील,” तेमेनुगा म्हणाली.

हिंमत आहे का असं मला कुणी विचारलं की माझं डोकं बंद पडतं आणि तोंड सुरू होतं. गेल्या वर्षीपर्यंत नेमकं उलटं होतं. बाईंनी नुसतं नाव विचारलं तरी माझी कानशिलं तापायची. पंधरावं लागलं आणि काय झालं कोण जाणे. आई म्हणते, बाटलीचं बूच उडालं.

“कुणाला विचारू तेही सांगा,” मी म्हटलं.

“घरातल्या सगळ्यात गंभीर माणसाला.”

म्हणजे मेतोदी काका. बाबांचे थोरले भाऊ, प्लोव्हदिव स्टेशनात मालगाड्यांचे हेडक्लार्क. त्यांना हसताना मी आजवर दोनदाच पाहिलंय आणि त्यातल्या एकदा त्यांना ठसका लागला होता.

उपवासाआधीच्या त्या रविवारी धाकट्यानं थोरल्यासमोर वाकायचं, त्याच्या हाताला ओठ लावायचे आणि म्हणायचं, ‘जाणता-अजाणता जे केलं त्याची माफी असावी.’ थोरल्यानं म्हणायचं, ‘देव माफ करो, मीही केलं.’ संपलं. कशाबद्दल ते सांगायचं नाही, विचारायचं नाही. आणि एकदा ‘केलं’ म्हटलं की शब्द परत घेता येत नाही. आमच्या घरातली निम्मी भांडणं अशीच, नाव न घेता पुरली गेली आहेत. शिवणयंत्रावरून सहा महिने अबोला धरलेल्या आई आणि पावलिना काकू मघाशीच गालाला गाल लावून मोकळ्या झाल्या होत्या. शिवणयंत्र अजूनही काकूकडेच होतं.

तर काका आजोबांपुढे वाकले, हात हातात घेतला, म्हणाले, “बाबा, जाणता-अजाणता जे केलं त्याची माफी असावी,” आणि मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून विचारलं, “कशाबद्दल?”

आईनं टेबलाखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणीच आलं.

“वेलिका!” बाबा ओरडले. बाबा मुलांच्या शाळेत भूगोल शिकवतात आणि घरातही फळ्यासमोर असल्यासारखेच ओरडतात.

“असू दे, असू दे.” आजोबा हसायला लागले. हसले की त्यांची दाढी वर-खाली होते. “पोरगी बरोबर विचारते. पन्नास वर्षं मी डोळे मिटून सगळ्यांना माफ करत आलोय. आज एखादा तरी गुन्हा ऐकू दे. सांग रे मेतोदी. दुकानातल्या कढईतून हलवा चोरायचास, ते सांग आणि हो मोकळा.”

काकू हसली. बाबासुद्धा हसले. तुळईवरून लाल दोऱ्याला हलव्याचा तुकडा टांगला होता, जेवण झाल्यावर हात पाठीशी बांधून तोंडानं पकडायला. यंदा हलवा पांढराशुभ्र नव्हता, कळकटलेला होता. दर वर्षी या दिवसाच्या आधी निसीम पार्दो येऊन आजोबांच्या तांब्याच्या कढईला कल्हई करून जायचे. यंदा ज्यू म्हणून त्यांचा परवाना काढून घेतलेला. दुसऱ्या कुणीतरी कल्हई केली, ती दोन घाण्यांत उडाली. आजोबा महिनाभर त्यावरून कुरकुरत होते आणि प्रत्येक वेळी ‘निसीम असता तर’ म्हटलं की बाबा माझ्याकडे बघायचे. कारण निसीम पार्दोंची झिंबुल ही माझी अगदी जिवाची मैत्रीण, आणि शरद ऋतूपासून तिच्याशी बोलायला मला बंदी होती.

सगळे हसले, पण काका नाही. ते अजून वाकलेलेच होते.

“सोड की हात,” आजोबा म्हणाले. “माफी मागतोयस की कुस्ती खेळतोयस?”

काकांनी हात सोडला नाही.

*

काकांच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते त्यांनी मला पुढे स्वतःच सांगितलं, म्हणून मी हे लिहू शकते.

गुरुवारी त्यांच्या टेबलावर एक कागद आला होता. त्यावर त्यांनी सही केली, शिक्का मारला, खालच्या कारकुनाकडे दिला. रोजच्यासारखंच. मग दुपारचा डबा उघडला आणि घास तोंडात फिरायला लागला. तेव्हा त्यांच्या मनात एक विचार आला आणि त्या विचारानं त्यांना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी पुढचा घास गिळलासुद्धा. विचार असा, की रविवार जवळच आहे. रविवारी मी बाबांच्या हाताला ओठ लावेन, ते ‘केलं माफ’ म्हणतील. कुणी काही विचारणार नाही. सोमवारी उपवास सुरू होईल आणि मी स्वच्छ असेन.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार या तीन रात्री त्यांनी त्या एका रविवारावर काढल्या. आणि मी, एका पैजेपायी, त्यांचा रविवार फोडला.

काकूलाही माहीत होतं. रात्रभर शेजारी तळमळणारा माणूस तिला काय दिसला नसेल? शुक्रवारी पहाटे तिनं त्यांच्याकडून ते वदवून घेतलं होतं आणि लगेच बजावलं होतं, “हे या उशीच्या बाहेर गेलं तर तुझी नोकरी जाईल. नुसती नोकरी नाही, तू जाशील. ऐकलंस? लढाई चालू आहे मेतोदी, स्टेशनातलं बाहेर बोलणाऱ्याला भिंतीशी उभं करून गोळ्या घालतात.” म्हणून त्या रविवारी टेबलाशी हसणं पहिल्यांदा थांबलं ते काकूचं.

“मेतोदी,” ती म्हणाली. “ऊठ. बानित्सा गार होतेय.”

“होऊ दे गार,” आजोबा म्हणाले. आता तेही हसत नव्हते. “काय झालंय रे?”

काकू उठून उभी राहिली. “काही झालेलं नाही. पोरगीनं आगाऊपणा केला, तुम्ही तिला डोक्यावर चढवून ठेवलंयत. दाफिना, तुझ्या मुलीला जिभेला गाठ मारायला शिकव.”

“माझ्या मुलीच्या जिभेचं मी बघेन,” आई म्हणाली. “तू शिवणयंत्राचं बघ.” गालाला गाल लावून पंधरा मिनिटंही झाली नव्हती.

“बाबा,” काका म्हणाले. आवाज इतका खाली की सगळ्यांना गप्प व्हावंच लागलं. “मी गाडी लावलीय. मालडबे. बुधवारी सकाळी निघणार.”

“तू रोजच लावतोस.”

“या माणसांसाठी आहेत. इथल्या ज्यूंसाठी. मंगळवारी रात्री घरोघर जाऊन उचलणार, त्यांच्या शाळेच्या आवारात जमा करणार आणि डब्यांत भरणार. समुद्राकडच्या गावांतून आधीच नेलंय. रात्रभर तारेवर तेच चालू असतं, इतके डबे पुढे, इतके मागे.” ते थांबले. “डब्यामागे एक बादली पाण्याची आणि एक रिकामी. तेही मीच लिहिलं. माझ्या अक्षरात.”

 मला आठवतं, मी त्या वेळी आजोबांच्या हाताकडे बघत होते, चीजच्या थरांची बानित्सा कापायची सुरी त्यांच्या दुसऱ्या हातात होती. त्यांनी ती अगदी हळू खाली ठेवली. काचेची असल्यासारखी.

*

सगळ्यात आधी बोलले ते बाबा. आणि काय बोलले?

“हे तू आम्हाला सांगायला नको होतंस.”

“स्पास!” आई म्हणाली.

“नको होतंस, दादा. काल रात्री मला माहीत नव्हतं. मी वह्या तपासल्या, झोपलो. आता आज रात्री काय करू? उद्या वर्गात नकाशा लावून मुलांना काय शिकवू, नद्या?”

“हो ना!” काकूला जोडीदार मिळाला. एरवी बाबांचं आणि तिचं एका वाक्यावरही जमत नाही. “शहाणा माणूस बोलला बघा एकदाचा. काहीच झालेलं नाही, कुणी काही ऐकलेलं नाही. बाबा, तुम्ही ‘केलं माफ’ म्हणा आणि कापा ती बानित्सा. त्याच्या जिवाचं बघा, तुमचाच मुलगा आहे.”

आजोबांनी काकांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. रागानं नाही. दुखऱ्या माणसाचा हात बाजूला ठेवतात तसा.

“मला नाही करता येणार.”

“बाबा...” काका म्हणाले.

“माझ्याकडे कसली माफी मागतोस? माझ्यासाठी डबा लावलास का? माझी बादली लिहिलीस का?” त्यांची दाढी थरथरत होती. “माझा अपराध केला असतास तर मी कधीच केलं असतं माफ. दुसऱ्याचं देणं मी कसं माफ करू? ज्याचं आहे त्याच्याकडे जा. निसीमकडे जा.”

“वेडे झालात?” काकू किंचाळलीच. “भर संध्याकाळी, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत, हा ज्यूंच्या वस्तीत जाणार? याला खोटं बोलायलासुद्धा येत नाही! माझ्या वाढदिवसाची भेट लपवली होती तर दारातच सांगून टाकलंन!”

“निसीमनं वीस वर्षं माझ्या कढईला हात लावला,” आजोबा म्हणाले. “त्या हातांवर मी गावाला गोड खाऊ घातलं.”

आणि मग आई उठली. माझी आई, जी घरात बाबांच्या आधी कधी बोलत नाही, तिनं खुंटीवरचा रुमाल काढला. “मी जाते. बाई माणसाकडे कोण बघतंय.”

“कुठेही जाणार नाहीस तू,” बाबा म्हणाले. “मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलंय, दाफिना. शरद ऋतूतच सांगितलंय. तुमच्या घरची मुलगी ज्यूंचं पिवळं बटण लावलेल्या मुलीबरोबर हात धरून फिरते, हे शिक्षकाच्या घरात शोभत नाही. मी काय हौसेनं बंदी घातली का वेलीला? मला काय ती पोरगी आवडत नव्हती? आपल्याच टेबलावर बसून तिनं मला नद्या पाठ म्हणून दाखवल्यात. आपल्या वेलीला अजून येत नाहीत!”

हे खरं आहे. मला मारित्सा सोडून एकही नदी नीट सांगता येत नाही. झिंबुलला सगळ्या येतात, उपनद्यांसकट.

आता मला बोलायलाच हवं होतं. आणि या वेळी पैज नव्हती.

“मी जाते,” मी म्हटलं. “मला तसंही जायचंच आहे. माझीही माफी मागायची राहिलीय.”

सगळे माझ्याकडे वळले.

“एक मार्चला,” मी म्हटलं. “एक मार्चला झिंबुल मोठ्या रस्त्यावर पुस्तकांच्या दुकानापाशी उभी होती. माझीच वाट बघत होती. तिनं माझ्यासाठी लाल-पांढऱ्या दोऱ्याची मार्तेनित्सा केली होती, दर वर्षी करते तशी. हात पुढे केलान. स्लावका आणि तेमेनुगा माझ्याबरोबर होत्या. आणि मी... मी तिच्या हाताकडे पाहिलं आणि पुढे निघून गेले. कुणीतरी जाहिरातीचे कागद वाटत असावं तशी. बाबा, तुम्ही बोलायचं नाही म्हणाला होतात. ओळख दाखवायची नाही असं नव्हतात म्हणाला. ते मी माझ्या मनानं केलं.”

बाबा खुर्चीत बसले. एवढंच. पण त्यांना असं एकदम बसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

*

काकूचं मन कधी फिरलं, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. आई म्हणते, मी मार्तेनित्साचं सांगितलं तेव्हा. काका म्हणतात, आजोबांनी हात काढून घेतला तेव्हा. काकू स्वतः म्हणते, “माझं मन बिन काही फिरलं नाही. मी फक्त बघितलं, की हा जाणारच. आणि एकटा गेला तर पहिल्याच पोलिसाच्या पायात अडखळून पडेल आणि ‘मी ज्यूंना सावध करायला चाललोय साहेब’ असं सांगून टाकेल.”

ते काहीही असो. तिनं टोपलीत फडकं घातलं, त्यावर सहा उकडलेली अंडी ठेवली आणि बानित्साचा कोपरा हातानंच तोडून वर ठेवला.

“अगं, अजून कापलेली नाही!” आई म्हणाली.

“म्हणूनच तोडली. कापायची ती सासऱ्यांनी.” मग माझ्याकडे वळून, “चल गं जिभाळे. आपण तिघं माझ्या मावशीच्या पायाशी माफी मागायला चाललोय. मावशी त्यांच्या पलीकडच्या गल्लीत राहते. कुणी विचारलं तर तू बोलायचं नाहीस, तुझ्या काकानं तर अजिबात नाही. मी बोलेन.”

“तुझी मावशी वारली ना?” काका म्हणाले.

“बघ! बघ हा कसा आहे!” काकू म्हणाली.

आजोबांच्या पायांत एवढं चालायची ताकद उरली नव्हती. ते म्हणाले, “उद्या उपवासाचा पहिला दिवस, सगळे घरी भांडी घाशीत बसलेले असतील. मी आपल्या आसपासच्या एकेका दारात थांबत थांबत जातो. हलवाई, चांभार, पेढीवाले, आपल्या देवळातला पाद्री. सगळ्यांच्या घरात निसीमची कल्हई आहे. बघू या कोण काय म्हणतं.”

*

अंधारपटामुळे टेकड्यांवर रात्री जाळ करायला बंदी होती, म्हणून यंदा पोरांनी उजेडातच शेकोट्या पेटवल्या होत्या आणि त्यांवरून उड्या मारणं चालू होतं. दिवस नुकताच कलत होता. रस्त्यावर आमच्यासारखे टोपल्या घेतलेले पुष्कळ लोक होते, सगळे कुणाची ना कुणाची माफी मागायला निघालेले. एक पोलीस भेटला. काकूनं त्याला आपणहून हाक मारली, “काय, आईकडे जाऊन आलात की नाही? की अजून जायचंय?” तो बिचारा लाजला. “ड्युटी आहे हो,” म्हणाला. काकूनं त्याला एक अंडं दिलं.

“माझे हात बघ,” कोपऱ्यावर वळल्यावर ती माझ्या कानात म्हणाली. बर्फ झाले होते.

पार्दोंच्या दारावर ‘ज्यू घर’ अशी पाटी ठोकलेली होती. दार झिंबुलनं उघडलं. झिंबुल आजही म्हणते की मी दारात उभी होते ती ओकारी येणाऱ्या मांजरासारखी. मला तिचं एवढंच आठवतं, की तिच्या वेणीचा शेंडा नेहमीसारखा त्या पिवळ्या बटणावर पडलेला होता आणि तिनं माझ्याकडे न बघता काकूला विचारलं, “कोण हवंय?”

निसीमकाका आतून आले. बाह्या वर केलेल्या, काम नसतानाही. काकांना बघून ते थबकले आणि मग नेहमीच्या हसऱ्या आवाजात म्हणाले, “या या! हलवा काळा पडला म्हणे यंदा? मी ऐकलं, आणि खरं सांगू, थोडं बरं वाटलं.”

काका त्यांच्यासमोर वाकले. काका थोरले आहेत वयानं, सात वर्षांनी. निसीमकाकांनी हात मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण काकांनी तो धरून ठेवला आणि तिथेच, चपला काढायच्या जागेत, सगळं सांगितलं. मंगळवार रात्र. शाळेचं आवार. बुधवारचे डबे. आपली सही. बादल्या. शेवटी म्हणाले, “माफी असावी.”

झिंबुलची आई भिंतीला टेकली. निसीमकाकांचं हसू चेहऱ्यावरून गेलं नाही, तिथेच सुकलं.

“किती वाजता?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“मंगळवारी. किती वाजता निघणार आहेत पोलीस? माफीचं नंतर बघू. आधी वेळ सांगा.”

“मध्यरात्रीनंतर. तीनच्या सुमाराला.”

“आणि डबे अडवता येतील?”

 काकूनं काकांच्या बरगडीत कोपर मारलं. “तुझ्याच सहीनं आलेत ना? मग तुझ्याच सहीनं अडकतील. परवा कोळशाच्या गाडीच्या वेळी कसं केलं होतंस? ब्रेक तपासायचे राहिलेत म्हणून?”

“एक दिवस,” काका सावकाश म्हणाले. “ब्रेकची तपासणी काढली तर... एक दिवस. त्याच्यावर नाही.”

“एका दिवसात पुष्कळ दारं ठोठावता येतात,” निसीमकाका म्हणाले आणि कोट शोधायला लागले. “मेतोदी, चल, बस. नावं लिहू. कोण आपलं ऐकेल, कोण वर बोलू शकेल. तुझं अक्षर चांगलं आहे, तूच लिही.”

*

मी आणि झिंबुल मागच्या पायरीवर बसलो होतो. म्हणजे ती बसली होती, आणि तिनं मला बस म्हटलं नाही तरी मी बसले होते.

“मला माफ कर,” मी म्हटलं. “पुस्तकांच्या दुकानापाशी मी ओळख दाखवली नाही, त्याबद्दल.” मी कारणासकट मागितली. पुढच्या वर्षी सगळ्यांनी अशीच मागावी असं माझं मत आहे.

ती गुडघ्यावरच्या मोज्याच्या भोकाशी खेळत राहिली. मग म्हणाली, “नाही करत.”

“अगं, आज नाही म्हणता येत नाही! आज रविवार आहे!”

“तुमचा आहे. आमचा माफीचा दिवस शरदात असतो. तेव्हा ये.”

“म्हणजे सहा महिने?”

“सात. मोजायला शिक.” तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. “तेव्हा ये आणि नीट माग. मी घरीच असेन.”

ती हे असं म्हणाली, जणू कुठे जायचा प्रश्नच नाही. शरद ऋतूत मी घरीच असेन. मला एकदम रडू फुटलं. तिनं मला रडू दिलं, समजूत बिमजूत घातली नाही, फक्त स्वतःचा रुमाल माझ्या मांडीवर टाकला.

“तुला भीती वाटतेय?” मी नाक पुसत विचारलं.

“ते येतील तेव्हाची नाही,” ती म्हणाली. “त्याच्या आधीची. आई-बाबा आतल्या खोलीत कुजबुजत बसणार, आणि मी पलंगावर जोड्यांसकट पडून कान देणार, दार कधी वाजतंय म्हणून. मला एकटीला वाट बघता येत नाही. तुला माहितेय.”

मला माहीत होतं. पाच वर्षांच्या असताना लपाछपीत ती लपायची आणि मिनिटभरातच ओरडायची, “वेली, मी कपाटात आहे, लवकर ये!”

*

आम्ही परतलो तेव्हा पुरता अंधार पडायचा होता. काका आणि काकू मागे रेंगाळत होते, काकांच्या खिशात नावांची यादी होती आणि काकू त्यांना उद्या सकाळी तपासणीचा कागद कसा मांडायचा ते शिकवत होती, जणू तीच स्टेशनात वीस वर्षं काम करत होती. आजोबा आपल्या खोलीत बूट घासत होते, उद्यासाठी.

आई-बाबा एकमेकांसमोर बसले होते. दिवा लावलेला नव्हता. बाबांच्या हातात माझी भूगोलाची वही होती. का, ते मी विचारलं नाही.

“भेटली?” आईनं विचारलं.

“भेटली. माफी नाही केली. शरदात ये म्हणाली.”

आईनं तोंडावर हात धरला. बाबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “मी उद्या मुख्याध्यापकांना भेटतो. त्यांचा मेहुणा वकील आहे, वर ओळखी आहेत. ऐकतील की नाही माहीत नाही. पण भेटतो.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर्गातल्या मुलीकडे बघतात तसं नाही. “आणि तुला मी बंदी घातली होती, वेली, ती...”

“बाबा, थांबा. आधी माझं ऐका, नाहीतर माझी हिंमत जाईल.”

मी त्यांच्या दोघांच्या मध्ये, टेबलाच्या टोकाशी उभी राहिले.  मी दोन्ही तळवे लाकडावर दाबून धरले, म्हणजे आवाज कापू नये.

“मंगळवारी दिवे लागायच्या आत मी पार्दोंकडे जाणार आहे आणि रात्री तिथेच राहणार आहे, झिंबुलच्या पलंगावर. पोलीस आले तर दार मी उघडणार. माझं नाव सांगणार, तुमचं नाव सांगणार, शाळेचं नाव सांगणार, सावकाश, पूर्ण पत्त्यासकट. त्यांच्या यादीत नसलेली मुलगी घरात निघाली की त्यांना काहीतरी विचारावं लागेल, कुणाला तरी फोन करावा लागेल, आणि तेवढा वेळ तरी जाईल. ज्यूंच्या शाळेच्या आवारात नेलं तर मी तिच्याबरोबर आवारात जाणार. तुम्ही रागवा, मला चालेल. आई, तू रड, मला चालेल. पण मी परवानगी मागायला उभी नाहीये. मी माझं ठरलेलं तुम्हाला सांगतेय.”